भुलाबाई आल्यावरच

९ मार्च

आज सिंदी मेघेला प्रशांतकडे. (यापुढे नुसता प्र.) त्याच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्यात, तोच आमचा स्टुडिओ; ठेका आणि रेकॉर्डिंग त्याचं, गाणं माझं. अल्बमची आठ गाणी झाली, नववं अडलंय. मी आर अँड बी, म्हणजे अमेरिकेतलं ते ठेक्यावरचं हळवं गाणं गाते, तेही वऱ्हाडीत. म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायची पूर्ण तयारी.

नवव्यात मधे आईचा आवाज हवाय. तिची ती उंबऱ्याची ओळ. आजी गेल्यावर आई पहिल्यांदा सेलूला माहेरी गेली, तेव्हा तिनेच जुळवलेली. दर वर्षी गल्लीतल्या पोरींसोबत भुलाबाईपुढे म्हणते. आज विचारलं तर म्हणे, "आता भुलाबाई कुठं हाय माहेरी? कोणासाठी गाऊ?"

झालं! भुलाबाई, म्हणजे माहेरी आलेली पार्वती, येते महिनाभर, भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. एरवी आई ते गाणं भांडी घासतानाही म्हणत नाही. हट्ट माझ्यात कुठून आला ते बाबांना विचारायची गरज नाही.

१६ मार्च

आली! प्र. ने लाडीगोडी लावली. "काकू, आता फक्त भरून ठेवू." आई माइककडे संशयाने बघत होती. मग मला म्हणाली, "गाईन मी. पण बाहेर काढजो भुलाबाई आल्यावरच. कबूल?" कबूल म्हटलं.

डोक्यावर पदर घेऊन, खुर्चीत बसून, एकदाच गायली.

माय नाई घरामंदी,
उंबरा मले वळखते

मधे दम लागला. छातीत पाणी झाल्यापासून तसंच. प्र. तो श्वास कापणार होता, मी हात धरला. राहू दे.

रिक्षात माझं गाणं ऐकवलं थोडं, तिची ओळ सोडून. "हे काय गाऊन राह्यली तू? रडते बी, अन् खालून ठेका बी." आर अँड बीची याहून बरी व्याख्या मी कुठे वाचली नाही.

२ जून

अल्बम तयार. नाव 'उंबरा'. मुंबईची कंपनी सगळ्या अ‍ॅपवर टाकणार. कंपनीचे साहेब म्हणाले, लगेच काढू, नाहीतर थेट दिवाळीला. मी म्हटलं, भाद्रपद पौर्णिमा. पलीकडून कॅलेंडर चाळल्याचा आवाज. मग, "मॅडम, तेव्हा गणपतीची गाणी संपून लोक दमलेले असतात. आणि लागलीच पितृपक्ष. लोक रुमालसुद्धा नवा घेत नाहीत."

मला काय कळत नाही? कळतं. पण शब्द दिलाय.

साहेबांनी "बघा बुवा" म्हणून फोन ठेवला.

२० जून

आईला दवाखान्यातून आणलं. आवाज अगदी खाली गेलाय. हेडफोन घेऊन बसले तिच्याजवळ, नववं गाणं लावणार, तर हात आडवा.

"आता नको. भुलाबाई येऊ दे. सगळ्यांसंगं ऐकीन."

"आई, एकदा ऐक ना. कोणाला कळतंय?"

"मले कळते."

चिडले. हेडफोन उशीवर टाकून उठले. थोड्या वेळाने पाहिलं तर तिने वायर नीट गुंडाळून ठेवली होती. बाबा पेपरमागे. पान उलटत नव्हते.

१२ जुलै

आई परवा गेली.

ऐकलं नाही तिने.

२४ ऑगस्ट

शाळेत शिकवायला लागले पुन्हा. संगीताच्या तासाला पोरं कधी नव्हे ती गुपचूप बसतात, तेच जास्त लागतं. साहेबांचा फोन. "परिस्थिती बदलली मॅडम, आता तारीख बदलायला हरकत नसावी." परिस्थिती! आई म्हणा की.

तारीख तीच ठेवली. ज्याला शब्द दिला ते माणूस त्यातून मला सोडवायला उरलं नाही, मग शब्द मोडायचा कसा?

७ सप्टेंबर

पौर्णिमा. अल्बम आला. त्यात आज ग्रहण. प्र. म्हणतो, "मुहूर्त काढावा तर तुयासारखा." पहिल्यांदाच हसले दोन महिन्यांत. मग हसल्याचं वाईट वाटलं.

यंदा आमच्याकडे सण नाही, भुलाबाई मांडली नाही. ती समोरच्या घरी बसली. आत्याचा फोन. "माय जाऊन दोन महिने नाई झाले, अन् तू गाणे काढून राह्यली? लोक काय म्हणतीन?" लोक काही म्हणत नाहीत आत्या. लोकांना पत्ताच नाही.

२१ सप्टेंबर

सर्वपित्री. ऐकणाऱ्यांचा आकडा पाहिला. आमची नालवाडीतली गल्ली बरी, तिथे जास्त लोक राहतात. नागपूरच्या रेडिओवाल्याने 'सणासुदीला जरा उदास होतं' म्हणून परत पाठवलं. पुण्याच्या एकाने लिहिलं, ठेका परदेशी, बोली खेड्यातली, बाई नक्की कुठली? नालवाडीची, दादा.

वर्षाची मेहनत गेली ते सोसेन. पण तिचा आवाजही माझ्यासोबत पडला, हे सहन होत नाही.

३० सप्टेंबर

साहेबांचा मेसेज. अल्बम चालला नाही, पण 'त्या म्हाताऱ्या बाईंच्या ओळीत दम आहे'. ती तेवढी कापून घ्यायची, डीजेचा ठेका टाकायचा, लग्नसराईत पाठवणीच्या व्हिडिओंसाठी सोडायची. माझा आवाज नको. मधला श्वासही नको. 'हो' म्हणा, सगळीकडे वाजेल.

सगळीकडे वाजेल. दिवसभर हेच डोक्यात. माझं काय ते जाऊ दे. पण आई घरोघरी पोचेल ना? आणि तो श्वास गेला तर ती आई राहील?

बाबांना विचारलं. "मले नको विचारू," म्हणाले आणि झाडांना पाणी द्यायला गेले. सकाळीच दिलं होतं.

७ ऑक्टोबर

काल कोजागिरी. भुलाबाईचा शेवटचा दिवस. दिवेलागणीला दार वाजलं. गल्लीतल्या पोरी, टिपऱ्या घेऊन. समोरची काकू मागून ओरडत होती, "अगं, त्यांच्या घरी यंदा सण नाई!" पोरी गोंधळल्या, परत फिरणार, तेवढ्यात बाबांनी दार सताड उघडलं. "या. ती दर वर्षी बोलवत होती तुम्हाले."

अंगणात फेर धरला. आईची खुर्ची बाबांनीच बाहेर आणून ठेवली. मी दारातच. दोन-तीन गाणी झाली आणि मग एकदम तीच ओळ. माय नाई घरामंदी. आणि 'घरामंदी'नंतर सगळ्या थांबल्या, एक मोठा श्वास घेतला आणि पुढे गायल्या. सगळ्या एकदम, टिपरी खाली धरून.

आई गल्लीत गायची तेव्हा तिला दम लागत नव्हता. तो श्वास फक्त रेकॉर्डिंगमध्ये आहे.

गाणं संपल्यावर यंदाच गल्लीत राहायला आलेल्या एका लहानीला विचारलं, "मधे थांबता काऊन गं?"

"तसंच हाय ना ते. समोरच्या ताईनं मोबाइलवर लावलं होतं, त्यातून शिकलो. जुनं हाय, भुलाबाईचं."

"कोण गाते त्यात?"

"दोघी हायेत. नाव नाई माहीत."

सांगितलं नाही मी. बाबांनी खिरापत वाटली, घरात होते तेवढे शेंगदाणे आणि गूळ. मग आत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

आज सकाळी साहेबांचा पुन्हा मेसेज. हो की नाही, आज सांगा. दोनदा 'नाही' लिहिलं, दोनदा पुसलं. शेवटी फोन बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मोबाइल परत दिला. म्हणाले, "ती म्हणत होती ना, सगळ्यांसंगं ऐकीन. ऐकलं तिनं काल." तिसऱ्यांदा 'नाही' लिहिलं आणि पाठवलं.

खुर्ची अजून अंगणातच आहे. आत आणायला दोघांपैकी कोणी उठत नाही.