पहिल्या पानावरचा बिबट्या

सांगली,
९ मार्च २०२५

चि. मल्हार यास,

अनेक आशीर्वाद. आईंचा गुडघा कसा आहे? तुमची ज्वारी काढून झाली असेल. इकडे ऊन आत्ताच चटके देतंय. आमच्या जयराजची दहावीची परीक्षा चालू आहे. गणित बरं गेलं म्हणतो, खरंखोटं निकालालाच कळेल.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. तू दहिवडीहून बातम्या पाठवायच्या आणि मी इथं बसून त्या पानात लावायच्या, यापलीकडे अकरा वर्षांत आपण एकमेकांना काही लिहिलेलं नाही. पण तू वार्ताहरांच्या ग्रुपमधून निघून गेलास, माझे सहा फोन उचलले नाहीस आणि शेवटी एवढंच विचारलंस, "ताई, कुणाचा फोन आला होता तेवढं सांगा."

सांगते. मलाच उत्तर उशिरा सापडलं, म्हणून जरा मागून सुरुवात करावी लागेल.

अकरा फेब्रुवारीला तुझी बातमी पावणेसहाला आली. पाणीयोजनेची टाकी बांधता बांधता कोसळली, खाली घमेली उचलणारी अंबूबाई जागेवरच गेली, आणखी दोघी जखमी. सोबत तू फोटो पाठवला होतास, तुटलेल्या खांबाचा. त्यातलं काँक्रीट तू मुठीत धरून चुरून दाखवलं होतंस. शेवटच्या परिच्छेदात ठेकेदार दादासोंचं नाव होतं, आणि गावानं महिनाभर आधी कामाची तक्रार दिली होती तेही.

सहाच्या मीटिंगला ती बातमी मी पहिल्या पानासाठी म्हणून सांगितली. हे खरं आहे, मल्हार. बाळासो सरांनी विचारलं, "किती गेले?"

"एक."

"कुठं?"

"माण तालुक्यात."

संपादकाच्या तोंडावर तेव्हा काय येतं ते तू कधी बघितलेलं नाहीस. नाही म्हणत नाहीत. फक्त पेन खाली ठेवतात. तेवढ्यात राजेश्वरी फोन नाचवत आत आली. शहराच्या बातम्या तीच बघते. विश्रामबागेतल्या एका बंगल्याच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला होता, दहा सेकंदांचा. सगळे खुर्च्या सोडून तिच्याभोवती गोळा झाले. मीपण. तो व्हिडिओ तिसऱ्यांदा लावायला मीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर पाच कॉलम बिबट्या. आणि सहाव्या पानावर एक कॉलम, "टाकी कोसळून महिलेचा मृत्यू". ठेकेदार नाही, तक्रार नाही, फोटो नाही. चौथ्या दिवशी वनखात्यानं ते रानमांजर असल्याचं सांगितलं. ती बातमी आपण नवव्या पानावर लावली.

तुझा फोनवर संशय. मी तर थेट माणसावरच घेतला. त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला जाहिरातवाले लालासाहेब आमच्याकडे आले होते आणि पान जुळवणाऱ्या शिवांजलीच्या कानाशी काहीतरी बोलून गेले. त्याच आठवड्यात दादासोंच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात यायची होती. मला एवढं पुरलं. त्यांच्याबरोबरचा चहा बंद केला. दोघांना सांगितलंही, की हा माणूस आता बातम्याही ठरवायला लागलाय. राजेश्वरीलाही सोडलं नाही. बिबट्या नेमका त्याच वेळी कसा आला? त्या बंगल्याचा मालक कोण हे मी शोधून काढलं. दातांचे डॉक्टर निघाले बिचारे. दादासोंचा आणि त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

मग ग्रुपवर तुझा शेवटचा निरोप आला. अंबूबाईचा नवरा सयाजी आपल्या पेपरचं कात्रण घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेला, आणि तिथले साहेब म्हणाले की ठेकेदाराचं नाव तर पेपरातही नाही. ते वाचून मी शिवांजलीकडे गेले. पानात कुणी कधी काय बदललं याची नोंद कॉम्प्युटरमध्ये राहते. ती उघड म्हटलं.

"मॅडम, राहू द्या ना."

"कुणाला वाचवतेयस तू?"

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. सात बावन्न, शेवटचा परिच्छेद काढला. सात त्रेपन्न, फोटो काढला. दोन्हीपुढं माझं नाव.

"आणि लालासाहेब?" मी विचारलं.

"ते सांगायला आले होते, दादासोंची जाहिरात एवढ्यात लावू नका, बरं दिसणार नाही."

त्यानंतरचे दोन दिवस मी स्वतःचीच वकिली केली. रोज पंधरावीस बातम्या कापते, त्यात ही कुठं ध्यानात राहणार? सहाव्या पानावर जागाच नऊ सेंटिमीटर होती. बातमी खालून कापायची ही आमची रीतच आहे. तुझा रागही आला, की नाव शेवटी कशाला ठेवलंस. बघ, कुठवर गेले मी.

पण तो परिच्छेद मी वाचला होता, मल्हार. वाचल्याचं मला आठवतंय. नाव छापायचं तर त्या माणसाची बाजू विचारायला हवी, म्हणजे एक फोन लावायला हवा. नंबर शोधायचीही गरज नव्हती, तो माझ्याच फोनमध्ये होता. आपल्या पेपरच्या महिला मेळाव्याचा मंडप आणि जेवण तीन वर्षं दादासोच बघतात. सूत्रसंचालन माझ्याकडे असतं आणि शेवटी स्टेजवर ते मला साडी देतात. गेल्या वर्षीची मोरपंखी नेसून मी दिराच्या लग्नात मिरवले. ते मला ताई म्हणतात. तूही म्हणतोस.

तेव्हा डोक्यात एवढंच आलं, की आत्ता फोन लावला तर ते "बोला ताई" म्हणतील, आणि पुढं मला काही सुचायचं नाही. परिच्छेद काढून टाकला. त्याक्षणी हलकं वाटलं. हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

तर कुणाचाही फोन आला नव्हता. आला असता तर मी भांडले असते. निदान मला तसं वाटतं.

सत्तावीस तारखेला माझी सुट्टी होती. तुला न कळवता एसटीनं दहिवडीला आले आणि तिथून अंबूबाईच्या वस्तीवर गेले. सयाजी मेंढरं सोडायच्या गडबडीत होता. "पेपरवाल्या व्हय? बसा," म्हणाला. त्याच्या आईनं, रंगुबाईंनी, पाणी दिलं. तांब्या हातात असतानाच मी सांगून टाकलं, की नाव मीच कापलं.

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं विचारलं, "त्या दिशी पैल्या पानावर काय हुतं?"

"बिबट्या."

"कुणाला खाल्लं का त्यानं?"

"नाही."

"मग?"

तो खरंच विचारत होता. टोमणा नव्हता त्यात. वीस वर्षं मी हेच काम करतेय. तांब्या खाली ठेवला. रंगुबाईच म्हणाल्या, "जाऊं दे रं. त्यास्नी तरी काय ठावं, आपली अंबू कोण हुती."

निघताना सयाजी म्हणाला, "बाई, माफी बिफी ऱ्हाऊं द्या. सायब म्हंत्यात पेपरातबी नाव न्हाई. नाव हुतं, एवढं लिवून देतासा का?"

त्याच्या दारात बसून लिहून दिलं. मूळ बातमीत ठेकेदाराचं नाव आणि गावाची तक्रार होती, ती मी, अमुक वाजता, माझ्या हातानं काढली. खाली सही केली. तुझ्या मूळ बातमीचा वेळेसकटचा कागद इथूनच छापून नेला होता, तो जोडला.

परत आल्यावर दादासोंना फोन लावला आणि त्या दिवशी विचारायचं ते विचारलं. ते म्हणाले, "ताई, ती मोरपंखी साडी आवडली नाही का?" त्यांची बाजू म्हणून मी हे वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

नवी बातमी माझ्या नावानं बाळासो सरांपुढं ठेवली. "शिळी झाली, संयोगिता," ते म्हणाले. मी लिहून दिलेल्या कागदाचं सांगितलं तेव्हा त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. सोमवारपासून माझ्याकडे पुरवणी आहे, पाककृती आणि राशिभविष्य. लालासाहेबांची माफी मागितली. "ठीक आहे," म्हणाले, आणि चहा उभ्यानंच संपवून गेले.

परवा दादासोंच्या नावानं गुन्हा दाखल झाला ते तुला माझ्याआधी कळलं असेल. समोरच्या पेपरानं तो पहिल्या पानावर घेतला, आपल्याकडे पुन्हा सहावं पान. त्यांना ती बातमी मोठी वाटली, की दादासोंची जाहिरात त्यांच्याकडे नसते म्हणून? हे बघ, अजून माझं मन असंच चालतं. एखादी बातमी वर दिसली की वाटतं कुणी चढवली, खाली दिसली की वाटतं कुणी दाबली. आणि सगळीकडे शोधून झालं की आपलेच हात आठवतात.

परत ये असं म्हणत नाही. माफ कर असंही नाही. फक्त लिहिणं सोडू नकोस. तू गेलास तर त्या बाजूचं आम्हाला कोण सांगणार? जिथं पाठवशील तिथं नाव पहिल्या वाक्यात घाल, कापायला कठीण जाईल असं. आणि पान लावणारी बाई कितीही ओळखीची असली, ताई म्हणण्यातली असली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडून बघत जा.

आईंना नमस्कार सांग. हे पत्र त्यांना वाचून दाखवलंस तरी माझी ना नाही.

तुझी बातमी कापणारी,
संयोगिता