झटका आला की लागला

२ मे
आज ऑफिसात फर्स्ट एडचं ट्रेनिंग झालं. नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या कंपनीत आता दर मजल्याला एक जबाबदार माणूस असणार, आणि आमच्या मजल्यावरून मी. बाकीचे सगळे मीटिंगमध्ये होते, तो भाग वेगळा. प्लास्टिकच्या बाहुल्याची छाती दाबून दाखवली. ट्रेनर म्हणाला, गिरिधरजी, हळू, खऱ्या माणसाची बरगडी गेली असती. म्हणजे हातात जोर आहे.

सर्टिफिकेट मिळालं, पुस्तक मिळालं.

आई गेल्यापासून बाबा सावनेरला एकटे आहेत. इथं या, इथं या म्हणून मी थकलो. आता नाही म्हणायला जागाच नाही. घरातच ट्रेन्ड माणूस!

५ मे
बाबांना आणलं. धंतोलीतल्या दवाखान्यात डोळे दाखवायचे आहेत असं सांगून. खरा बेत कायमचं ठेवून घेण्याचा. वय झालं, शुगर आहे, तिथं एकट्याला काही झालं तर? या विचारानं मला खरंच झोप लागत नाही.

जेवताना विषय काढला. बाबा म्हणे, इथं माणूस बोलाले भेटत नाही. मी सर्टिफिकेट पुढे केलं. म्हणे, चष्मा नाही.

निश्चय : रोज एक चॅप्टर. बाबांसमोर, मोठ्यानं. विश्वास बसला पाहिजे.

७ मे
चॅप्टर : भाजणे. नशीब पहा, दुपारीच माझ्या बायकोचा, दिपालीचा, हात कुकरच्या वाफेनं भाजला. मी लगेच तिचा हात नळाखाली धरला. पुस्तकात तसंच आहे : नळाचं वाहतं पाणी. ती इतकी किंचाळली की बाबा धावत आले. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात चहा होईल इतकं तापतं, हे पुस्तकवाल्याला काय माहीत! बाबांनी माठातलं पाणी घमेल्यात ओतलं आणि तिचा हात त्यात बुडवला.

माझी पद्धत बरोबर होती. पाणी चूक होतं.

१० मे
खालच्या मजल्यावरचे भैय्याजी उन्हातून आले आणि जिन्यातच घोळणा फुटला. रक्ताची धार. मी झेपावलो. डोकं मागे करायचं की पुढे, एवढं एकच आठवेना. आधी मागे केलं, मग पुढे, मग परत मागे. भैय्याजी म्हणाले, नाक माझं आहे, मी पाहून घेतो.

त्यानंतर मला थोडं बसावं लागलं. दिपाली म्हणते मी आडवा पडलो होतो. बसलो होतो. जरा आडवा.

फायदा एकच, बाबांची भैय्याजींशी ओळख झाली. दोघं रात्रीपर्यंत कापसाच्या गोष्टी करत बसले.

१३ मे
आनंदाचा दिवस! बाबा आपणहून म्हणाले, पोळ्यापर्यंत थांबतो म्हणे, मग पाहू. मला भरून आलं. दिपालीनं शिरा केला. (बाबांना चमचाभरच.)

बाबांनी कूलरचं गवत बदललं. मी पाणी भरायला गेलो तर कूलरनं मला सणसणीत झटका दिला. उद्याचा चॅप्टर ठरला.

१४ मे, संध्याकाळ
आज लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

दुपारी बाबांनी शुगरची गोळी घेतली. ताट वाढणार तेवढ्यात मी म्हटलं, विजेचा चॅप्टर आधी ऐकून घ्या, जिवाचा प्रश्न आहे. चॅप्टर लांब निघाला. मग ऑफिसचा फोन आला, मी बाल्कनीत गेलो. आणि दिपाली हॉलमधून ओरडली, अहो धावा, बाबांना झटका आला!

बाबा कूलरपाशीच खाली बसले होते. मी बरोबर ओळखलं. पहिला नियम : मेन बंद करा. तीन मजले उतरून मीटर रूम गाठली. आपला स्विच कोणता ते कळेना, म्हणून सगळेच खाली केले. लिफ्ट थांबली. लिफ्टमध्ये भैय्याजी. दिपालीनं फोन केला म्हणून गाडीची चावी घेऊन ते वर येत होते.

दुसरा नियम : उघड्या हातानं स्पर्श नको. वर आलो तो वायपरचा दांडा घेऊनच. दिपाली साखरेच्या पाण्याचा ग्लास घेऊन बाबांकडे जात होती. मी दांडा आडवा धरला. हात लावू नको, करंट आहे! ती म्हणाली, करंट नाही हो, शुगर उतरली, घाम पहा त्यांचा. बाबा काहीतरी पुटपुटले. साखर म्हणाले. मी म्हटलं, बाबा, बोलू नका.

त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मान कलली होती. मला तिसरा नियम आठवेना. काहीच आठवेना. माझे बाबा माझ्यासमोर चालले होते आणि मी दांडा धरून उभा होतो.

दिपालीनं दांडा हिसकला, मला ढकललं आणि ग्लास बाबांच्या तोंडाला लावला. त्यांनी घोट घेतला. मग दुसरा. बऱ्याच वेळानं डोळे नीट उघडले. म्हणे, कूलर काहून बंद केला गा?

१५ मे
धंतोलीत नेऊन आणलं. सगळं ठीक. डॉक्टरांनी विचारलं, गोळीनंतर जेवायला उशीर काहून झाला? दिपाली आणि बाबा, दोघंही माझ्याकडे न पाहता बसले.

रात्री दिपाली म्हणाली, करंटचा झटका लागते, हार्टचा किंवा फिटचा झटका येते. मी 'आला' म्हटलं होतं. नागपुरात जन्मून तुम्हाले एवढं कळत नाही?

घाईत क्रियापद कोण ऐकतो?

मीटर रूमला सोसायटीनं कुलूप लावलं.

१७ मे
बाबा गेले.

मी खूप समजावलं. पोळ्यापर्यंत तरी, म्हटलं. रागावले नाहीत, नुसती मान हलवत पिशवी भरत राहिले. दिपालीनं पाया पडताना डोळे पुसले.

सावनेरच्या गाडीत खिडकीपाशी बसवून दिलं. बोलायचं ठरवून गेलो होतो, पाण्याची बाटली तेवढी दिली. गाडी सुरू झाली तसा बाबांनी खिडकीतून हात काढून माझं मनगट धरलं. म्हणे, घाबरत नको जाऊ गा. इकडे काही झालं तर मले फोन कर, मी येतो.

हो म्हटलं.