रविवारचा फोन आणि सीलबंद इंटरनेट

सोमवार, ३ जून. सकाळी ७.
काल टॅम्सिनचा फोन आला. आमची मुलगी अंटार्क्टिकाच्या तळावर स्वयंपाक करते, दर रविवारी संध्याकाळी सहाला इंटरनेटवरून बोलते. म्हणाली, पुढच्या रविवारी दोघंही समोर असा, महत्त्वाचं सांगायचंय. म्हणजे खासगी. आणि आमचं इंटरनेट उघडंवाघडं! आपण कुठल्या वेबसाइटचा पत्ता विचारतोय (याला डीएनएस म्हणतात), ते वाटेत कुणालाही वाचता येतं. शुद्ध पोस्टकार्ड. मी ते बंद पाकिटात घालणार. घरी आणि ऑफिसातही. दोन तासांचं काम.

मंगळवार, ४ जून. दुपारी.
तेरा तास लागले, पण घर झालं. संशयास्पद साइट्सही बंद केल्या. नोलीनची विणकामाची साइट संशयितांत निघाली. बायको असली तरी अपवाद नाही. ती विणकाम उचलून स्वयंपाकघरात गेली. पटलेलं दिसतंय.

बुधवार, ५ जून.
ऑफिसही झालं. तिथल्या सहकारी जोस्लिनची तक्रार: हवामानाचं पान उघडत नाही. आम्ही बोटींची तपासणी करतो, त्यामुळे हवामान लागतं, मान्य. पण सुरक्षेला धीर लागतो. तसं सांगितलं. ती लॅपटॉप घेऊन धक्क्यावरच्या बेकरीत गेली. मोकळी हवा हवी म्हणे. चार डिग्रीत. होबार्टला जून म्हणजे ऐन हिवाळा.

शुक्रवार, ७ जून. सकाळी.
घरातून रोज पत्त्यांच्या चार हजार चौकशा जायच्या. काल एकतीस. गळती थांबली! शेजारच्या केल्विनला कुंपणावरून ऐकवलं, तुझं इंटरनेट म्हणजे बिनदाराचा संडास. तो म्हणाला, येणाऱ्याजाणाऱ्याची सोय होते. या माणसाचं कसं व्हायचं.
झोप नीट नाही. टॅम्सिन काय सांगणार असेल?

रविवार, ९ जून. ५.२०.
शेवटचा स्क्रू पिळतोय. पाकिटं जिथे पोचतात त्या सर्व्हरचा आत्तापर्यंत नुसता आकडा, म्हणजे आकड्यांतला पत्ता, टाकला होता. पुस्तिकेत म्हटलंय, नाव टाकणं उत्तम. टाकलं. पाकीट जमलं नाही तर पोस्टकार्डावर भागवायची पळवाट होती, तीही बुजवली.

५.३५. काहीच उघडत नाही.

५.४५. कळलं. त्या नावाचा पत्ता त्याच सर्व्हरला विचारायचा, आणि त्याच्यापर्यंत पोचायला तोच पत्ता हवा. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं.

५.५५. जुना आकडा लिहून ठेवलेला आहे. ऑनलाइन वहीत. मोबाइलला टेकडीआड रेंज नाही, नेहमीसारखीच.

६.१०. नोलीनला हाका मारल्या. घरात नाही. ओव्हनमधलं मटणही नाही.

६.४०. केल्विनकडे आकडा शोधायला गेलो. दार उघडताच त्याने अभिनंदन केलं. कशाबद्दल, हे मला त्यालाच विचारावं लागलं. डिसेंबरात टॅम्सिनचं लग्न. तळावरच्या जनरेटर मेकॅनिकशी. आत माझ्या मटणाचा फडशा पडला होता. फोन होऊन गेला होता. नोलीन मंगळवारपासून केल्विनचंच इंटरनेट वापरतेय, आमच्याच स्वयंपाकघरात बसून.
विचारलं, टॅम्सिनने माझी चौकशी केली का?
"केली ना. तीनदा," नोलीन म्हणाली. "बाबा कुठायत, म्हणाली. मी म्हटलं, तू बोललेलं कुणाला कळू नये म्हणून झटतायत."
फार वाईट वाटलं.

सोमवार, १० जून. राजाच्या वाढदिवसाची सरकारी सुट्टी.
आमच्या घरातून काल संध्याकाळपासूनच्या चौकशा: शून्य. एवढी सुरक्षा होबार्टमध्ये दुसऱ्या कुणाकडे नसेल.
आमच्या फ्रिजच्या दारावर केल्विनच्या अक्षरात त्याचा पासवर्ड चिकटवलेला आहे. आठवडाभर तिथेच होता म्हणे. अगदीच कच्चा पासवर्ड. त्याच्या कुत्र्याचं नाव, पुढे एक. कुणीही ओळखेल.
पाठ केला. येत्या रविवारी पावणेसहालाच स्वयंपाकघरात जाऊन बसतो.