पितळी कवडी

६ जानेवारी
ऑर्डर मिळाली! अच्छाडच्या अलीकडे हायवेलगत जो रिसॉर्ट आहे, तिथे गोल्फ टूर्नामेंट. थीम: पैशाचा इतिहास. तलासरी नाक्यावर इतकी वर्षं क्रिकेटचे तयार कप विकले. बस झालं. या ट्रॉफ्या स्वतः ओतणार. अस्सल पितळ.

७ जानेवारी
डिझाइन फायनल. तिसऱ्याला नोट, दुसऱ्याला शिवराई नाणं, पहिल्याला कवडी. संगिता म्हणाली, "जिंकणाऱ्याच्या हातात कवडी देणार?" समजावलं, इतिहासात कवडी आधी आली, म्हणून पहिला नंबर तिचा. ती कपडे वाळत घालायला निघून गेली. बायकोला थीम कळत नाही.

१० जानेवारी
भंगारातून पितळी नळ आणले. मागच्या खोलीत भट्टी. दारं-खिडक्या बंद, डिझाइन चोरीला जायला नको. पांढरा धूर बराच झाला. भिंतींवर कापसासारखं काहीतरी चिकटलंय. छान दिसतं. शेजारच्या खोलीत आई खोकत होती. बायजीला (आईला आम्ही सगळे बायजीच म्हणतो) थंडीत खोकला असतोच.

११ जानेवारी
तोंडात गोड चव. पाणीसुद्धा गोड. यशाची चव अशीच असणार. अंगात हुडहुडी. एक्साइटमेंट.

१३ जानेवारी
कवडी बटाट्यासारखी आली. चालेल, मॉडर्न वाटते. संगिता दारावर थापा मारत होती. "अहो, खिडकी तरी उघडा! बायजींना श्वास घेता येत नाहीये." संध्याकाळी उघडायचं ठरवलं. राहून गेलं. उद्या नक्की.

१४ जानेवारी
संक्रांत. बायजी उठली नाही. संगिता तिला धुरापासून लांब, आशागडला स्वतःच्या माहेरी नेते म्हणाली. टूर्नामेंटनंतर मीच नेईन, असं सांगून थांबवलं. दुपारनंतर खोकला बंद झाला. म्हटलं होतं ना, आपोआप बरी होईल.

१५ जानेवारी
बरी झाली नव्हती. ओठ निळे पडले होते. संगितानेच रिक्षा बोलावली. डहाणूच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावलाय. डॉक्टरांनी विचारलं, घरात काय जाळता? म्हटलं, ट्रॉफी. त्यांनी पुन्हा विचारलं.

१८ जानेवारी
अंगात ताप. तरी शब्द दिलाय म्हणून ट्रॉफ्या घेऊन गेलो. मॅनेजर म्हणाला, "तुमचा फोनच लागेना. आम्ही मुंबईहून काचेच्या मागवल्या." वारा सुटला होता. बोलता बोलता त्याने माझी कवडी स्कोअरच्या कागदांवर ठेवली. कागद उडाले नाहीत, हे मान्य करावं लागेल.

१९ जानेवारी
दवाखाना. संगिता माझ्याशी बोलत नाही. बायजीने आज डोळे उघडले. मास्क बाजूला करून विचारलं, "कितवा आलास रे?" तिला वाटलं होतं, मी खेळायला गेलो होतो.
"पहिला," म्हणालो.
तिने माझा हात दाबला. संगिताने तिचा मास्क पुन्हा नीट लावला. पुढचं लिहवत नाही.