यांचा खानदानी पडदा

४ फेब्रुवारी
आला! यांचा खानदानी पडदा टेम्पोतून उतरला. शिसवी चौकटीच्या चार फळ्या, बिजागरीवर घडी होणाऱ्या. वर रेशमावर रंगवलेले बगळे. एका बगळ्याची मान कसरीने खाल्लेली. जुन्या सामानवाल्याने सोबत एक बुटका पडदाही गळ्यात मारला. साहेबलोक शेकोटीपुढे ठेवायचे म्हणे. कोल्हापुरात घरात शेकोटी कुणाच्या? यांनी तो गॅसच्या सिलिंडरपुढे ठेवलाय. काय ती शोभा!

५ फेब्रुवारी
कारण कळलं. आमच्या तेजस्वीला नेसरीकडचं स्थळ आलंय — सरदार घराणं, घरात अजून गोषा पाळतात. रविवारी बघायला येणार. तर आम्हीही काही कमी नाही, हे दाखवायचं! हे म्हणतात, "सांगायचं, आमच्या आईचा पडदा हाय. ती ह्याच्यामागंच बसायची की."

सासूबाई? पडद्यामागे? त्या बाईने हयातभर गंगावेशीत म्हशी उभ्या करून भर रस्त्यात धार काढली. मापावरून कुणी कुरकुर केली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आणि लेक निघालाय तिला गोषात बसवायला, तेही ती गेल्यावर. जिवंतपणी हिंमत होती का!

६ फेब्रुवारी
तेजस्वी जनावरांची डॉक्टर. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू ओढून काढते. पडद्याचं नाटक सांगितलं तर म्हणाली, "बघू, आई." बघू काय बघू? माझ्या पोटी ही गरीब गाय कशी जन्मली, देव जाणे.

यांना बजावलं — नोकरी करू देणार असतील तरच पुढचं बोलणं. "व्हय व्हय," म्हणाले, आणि बगळ्याला फेव्हिकॉल लावायला बसले.

७ फेब्रुवारी
मान वाकडी चिकटली. बगळा आता मागे वळून बघतोय. हे म्हणतात, असाच झ्याक दिसतोय.

९ फेब्रुवारी, रविवार
पाहुणे येऊन गेले.

मुलगा अमरसिंह, त्याचे वडील आणि आई. आई म्हणजे भरजरी शालू, कपाळापर्यंत पदर आणि तोंडाला कुलूप. नुसती बाहुली, म्हटलं मनात. यांनी आईच्या गोषाची कथा रंगवून सांगितली. मुलाचे वडील असे खूश झाले! "वा, असलं घर आता कुठं मिळतंय? मग बायकांनी आत बसावं." झालं! स्वतःच्याच दिवाणखान्यात मी पडद्यामागे, त्या बाहुलीशेजारी.

तेजस्वी पोहे देऊन आत गेली. पलीकडून मुलाच्या वडिलांचा आवाज आला, "नोकरी हौसंखातर करत असंल पोरगी?"

"व्हय की, हौसच!" हे म्हणाले. "लगीन झाल्यावर सोडंल की."

पाच वर्षं शिकली पोर. हौस! मी तरातरा उठले, तर त्या बाईने माझं मनगट धरलं. घट्ट. बाहुली बोलली —

"मुलगी देऊ नका आमच्यात."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तुमचा पडदा खोटा आहे, ते मी बघताक्षणी ओळखलं. आमचा खरा आहे. मीही शिकलेली आहे हो ताई, बी.एस्सी. आहे. लग्न झाल्यापासून एकटी साध्या भाजीलासुद्धा गेले नाही. अमर वडिलांवर गेलाय. तिला कोंडून घालतील. माझं नाव मात्र कुठं काढू नका."

तेवढ्यात चहा आला. तिने पदर सारखा केला आणि पुन्हा तशीच बसली. पोटच्या पोराविरुद्ध बोलली ती, एका परक्या मुलीसाठी. आणि मी तिला बाहुली म्हणत होते. लाज वाटली मला माझी.

जाताना त्यांनी पसंती सांगितली. हे पेढे आणायला धावले.

१० फेब्रुवारी
यांना न विचारता मीच फोन करून नकार कळवला. मुलाच्या वडिलांनी कारण विचारलं. त्या माउलीचं नाव येऊ नये म्हणून तोंडाला आलं ते ठोकून दिलं — मुलीचं मन दुसरीकडे गुंतलंय. फोन ठेवून वळले, तर दारात तेजस्वी. पांढरीफटक.

"आई, तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही गं. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.