असा कोणी इथे नाही

४ जून
लिंबिकानी, माफ कर. निघताना तू वही दिलीस, रोज लिही मामा म्हणालास, आणि मी ती नवव्या दिवशी उघडतोय. सहावीत शाळा सुटलेल्याचा हात लवकर वळत नाही.
झोम्बा शहर छान आहे. मिशनच्या दवाखान्याच्या कचेरीत खिडकीजवळ टेबल मिळालंय. समोर डोंगर, डब्यात मक्याच्या पिठाची नसिमा आणि सुकी मासळी. काम मी पोस्टात करायचो तसंच. इथे कोणी वारलं की नातेवाइकांना ई-मेल जाते. परत आली की ती माझ्याकडे. कुठे पत्त्याच्या शेवटी मोकळी जागा राहिलेली, कुठे टिंबाऐवजी स्वल्पविराम, कुठे घेणाऱ्याचं खातंच भरलेलं. रुग्ण दाखल होताना नातेवाइकांचे पत्ते लिहितात, त्या दाखल्याच्या वहीशी मी ताडून बघतो, दुरुस्त करतो, पुन्हा पाठवतो. काल सात पोचल्या. कचेरीच्या प्रमुख माई काचिंग्वे मला आजोबा मानतात; म्हणाल्या, आगोगो, तुम्ही आलात आणि आमचं शवघर रिकामं व्हायला लागलं!

९ जून
एक मेल अडली आहे. लायफोर्ड नावाच्या माणसासाठी. मजकूर एवढाच, की मूल गेलं, शवपेटी थांबली आहे, दादा, ये. मुलाचा मामा आल्याशिवाय आपल्यात पेटी उचलत नाहीत, म्हणून मी जेवण सोडून बसलो. पत्त्यात काही चूक नाही. पाठवली. परत आली. असा कोणी इथे नाही. तीनदा तेच.
माईंना बोलावलं. त्यांना पडद्यावर काहीच दिसेना. चष्मा बदला, आगोगो, म्हणाल्या.

१२ जून
आज खाली पाठवणारीचं नाव आलं. दायलेसी.
ती मरून अकरा वर्षं झाली.
तुझ्या आईला विचारू नकोस, मीच सांगतो. तरुणपणी मी दायलेसीला मागणी घातली होती. विहिरीवर सगळ्या बायकांदेखत ती म्हणाली, शिक्के मारून मारून या वॉडसनचं तोंडही शिक्क्यासारखं झालंय, रोज कोण बघणार? सगळ्या हसल्या. पुढे माझी बदली थ्योलोच्या चहामळ्यावरच्या पोस्टात झाली. तिचा भाऊ लायफोर्ड तिथेच कामाला. एक दिवस त्याच्या नावाने तिची तार आली. हेच शब्द. मी शिक्का मारला, असा कोणी इथे नाही, आणि परत पाठवली. तिने पुन्हा केली. पुन्हा शिक्का. तीनदा. त्याच दुपारी लायफोर्ड माझ्याच खिडकीशी तिकिटं घेत उभा होता. हवापाण्याच्या गप्पा मारल्या आम्ही.
चौथ्या दिवशी मूल मामाशिवाय पुरलं. आपल्याला कळवलंच नाही म्हणून भावाने तिचं तोंड पुन्हा पाहिलं नाही.
मला तेव्हा बरं वाटलं होतं.

१५ जून
लायफोर्डचं नाव गेलं. मेल आता तुझ्या पत्त्यावर —
मामा वॉडसन गेले. शवपेटी थांबली आहे. भाच्या, ये.
खाली तारीख सतरा जून. परत आली. असा कोणी इथे नाही.
माईंना म्हटलं, तुमच्याकडून माझ्या भाच्याला साधी खुशाली पाठवा. तीही परत. या वेळी त्यांनाही दिसलं. हळूच म्हणाल्या, आगोगो, हा भाचा खरंच आहे ना?

१६ जून
तुला फोन लावला. असा क्रमांक नाही म्हणे. बसने गावी यायला निघालो, तर फाटकाशीच छातीत कळ — माईंनी इथेच वॉर्डात खाट दिली. दाखल्याच्या वहीत नातेवाईक म्हणून तुझं नाव मी स्वतः लिहिलं. दोनदा गिरवलं.

१७ जून
सकाळी नर्स वही घेऊन आली. म्हणाली, आजोबा, इथे तर कोणाचंच नाव नाही. दाखवलं. रकाना कोरा —
दायलेसी माझ्या पायाशी बसली आहे. मांडीवर माझा पोस्टातला शिक्का. शाई ओली.
तिच्या मुलाचं नाव मला ठाऊक नाही. कधी विचारलंच —
लिंबिकानी, ही वही पोचली तर लगेच कळव. एक ओळ. नुसतं, आहे, एवढंच म्हण. वॉर्ड तीन, खिडकीजवळची खाट, माझा पत्ता —