रक्त गप्प, नाक बोलघेवडं

४ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझी तान्ही चिमी गेल्यापासून तुला पत्र नाही, क्षमा कर. फोनवर मी नुसती रडते, म्हणून आता लिहितेच.

तू विचारलंस, न्यूमोनिया नेमका कुठल्या जंतूने झाला? तिचे नमुने आमच्याच प्रयोगशाळेत आले, मीच तपासले. रक्तात काहीच वाढलं नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिक आधी सुरू केलं, ते योग्यच केलं. पण त्यानंतर रक्तात जंतू सापडणं कठीण. नाकातल्या नमुन्यात मात्र तीन निघाले, दोन जीवाणू आणि सर्दीचा एक विषाणू. यांतला कुठला फुप्फुसात उतरला, सांगता येत नाही. या चाचण्या एकमेकींशी ताडून पाहणं हेच आमचं काम, आणि रोज तेच दिसतं. रक्त तोंड उघडत नाही, नाक सगळ्यांचीच नावं घेतं. धडधाकट मुलांच्या नाकांतही हेच तिघे असतात.

जेवत जा. वहिनीला जप. तुझी माझ्यावर माया आहेच, ती राहू दे.

तुझी छोटी

११ फेब्रुवारी

चि. छोटीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. गाढवपणा झाला. तिने त्यातली सर्दी तेवढी उचलली. चिमी आजारी पडली त्या आठवड्यात ती शिंकत होती ना! पाजता पाजता मीच मारलं, म्हणते. आता थोरलीला जवळ येऊ देत नाही. तोंडाला फडकं बांधून तिचं ताट दारातून आत सरकवते. पोर मला विचारते, आई माझ्यावर रुसली का?

तू पहिल्यापासून नाकासमोर चालणारी, त्यात कामही नाकांचंच. पण एकदा वाकडी चाल. सर्दीचा काही संबंध नव्हता, असं लिहून पाठव. तुझ्या शब्दावर तिचा विश्वास आहे.

तुझा दादा

१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी, सा. न.

दादाला हवं तसं पत्र दोनदा लिहिलं आणि फाडलं. तुमच्या सर्दीने झालं, असं एकही चाचणी म्हणत नाही. एवढंच लिहून थांबले असते, तर तेही खरंच होतं. पण सर्दीने झालं नाही, असंही एकही चाचणी म्हणत नाही. हे लपवणं मला जमलं नाही. हा प्रामाणिकपणा की नुसता हट्ट, मला कळत नाही.

थोरलीला जवळ घ्या.

तुमची वन्सं

२३ फेब्रुवारी

प्रिय वन्संना नमस्कार.

खोटं लिहिलं नाहीत, बरं केलंत. मला लगेच कळलं असतं.

तेच जंतू असलेली बाकीची मुलं राहिली, माझी का गेली? तुम्हालाही ठाऊक नाही. मग थोरलीला कुशीत कशी घेऊ? कालपासून माझा घसा पुन्हा धरलाय. घर केवढंसं, दार लावलं तरी खोकला ऐकू येतो, मग ती दाराशी येऊन बसते. तिला घेऊन जा. माझ्या वाटची मायाही तुम्हीच करा.

तुमची वहिनी

२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी, सा. न.

एवढ्या मोठ्या पोरीला आईच्या सर्दीने काही होत नाही, असं लिहायला घेतलं. वाक्यात 'बहुधा' घातल्याशिवाय पेन पुढे सरकेना. तो शब्द वाचून तुम्ही तिला आणखी लांब ठेवाल, हे मात्र मला कुठल्याही चाचणीवाचून ठाऊक आहे.

खोटा धीर देता आला नाही म्हणून रागावू नका, एवढं मागते.

उद्याचं काम: थोरलीला आणायला निघणे.

तुमची वन्सं